ओल्कॉट बिल्डिंगचं सातवं डोकं

१

नऊ डिसेंबरला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी ओल्कॉट बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावरून एक बाई खाली पडली. ती मातीची होती. खाली बसस्टॉपवर उभी होती ती मात्र हाडामांसाची. ओडेसा ग्रीनली, वय अठ्ठावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. ती जागच्या जागी गेली.

आमच्या पोर्ट ऑर्मंडमध्ये त्या मातीच्या बायकांना सगळे ओळखतात. टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची, बारा डोकी सातव्या मजल्यावर ओळीने बसवलेली, पडलं ते सातवं; केसांत गव्हाच्या ओंब्या माळलेली, वर दुधासारखी झिलई. १९१२ साली इथल्या सरोवरावरून गव्हाची जहाजं जायची आणि गव्हाचा व्यापारी ओल्कॉट याच्या घरात पैसा मावत नव्हता, तेव्हा त्याने ही दहा मजली इमारत उठवली. खाली काळ्या दगडाच्या जाडजूड कमानी, वर सगळी पांढरी नक्षी. पुढे गहू गेला, पोलाद आलं, तेही गेलं. प्रत्येकाने जाताना आपापल्या तऱ्हेची एक इमारत मागे ठेवली. तीस सालचं नगरभवन पायऱ्यापायऱ्यांचं, प्रत्येक कोपऱ्यावर सोनेरी गरुड. साठ सालची काँक्रीटची खोकी तर कुणाच्या आईलाही आवडली नसतील. आता पैसा नाही, म्हणून आम्ही पाडतो आणि तिथं गाड्या लावतो.

मी लिओ ब्रॅनिगन. एकतीस वर्षं नगरपालिकेत इमारतींचा इन्स्पेक्टर होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि या शहरातली एकही इमारत माझ्यावाचून अडलेली नाही.

चौकशीला तीन दिवस पुरले. सातव्या मजल्यावर शेवटचं काम कुणी केलं, तर काझिमिर दुदेक, गवंडी, साल २००९. झालं! सगळं खापर त्याच्या डोक्यावर. पेपरात पहिल्या पानावर त्याचा फोटो, खाली मथळा: 'याच हातांनी'. नगरपालिकेची सुनावणी मार्चमध्ये ठरली.

सुनावणीला आठ दिवस उरले असताना त्याची बायको इरेना माझ्या दारात उभी राहिली. आम्ही एकाच चर्चचे, चाळीस वर्षांची ओळख; काझिमिरला मी काझिकच म्हणतो. कोटही न काढता ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"तो जेवत नाही, लिओ. चर्चला येत नाही. दिवसभर हात टेबलावर ठेवून त्यांच्याकडेच बघत बसतो. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस! कुणी काही विचारलं की म्हणतो, केलं असेल मी."

"मग केलं असेल, इरेना."

"तोंड सांभाळ." तिचा आवाज चढला. "पन्नास वर्षांत त्याची एक वीट हलली नाही. त्याला तुरुंगात टाका, काय वाट्टेल ते करा. पण तो असा मेला ना, की त्यानंच त्या बाईला मारलं असं समजून, तर मी तुम्हा नगरपालिकावाल्यांना सात जन्म सोडणार नाही. तू त्यांच्यातलाच आहेस. कागद कुठं लपतात ते तुला ठाऊक आहे. शोध."

मी हो म्हणालो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की मी माझ्याच दाराशी जाऊन थांबणार आहे.

२

या पडझडीत फायदा कुणाचा? सगळं शहर एकच नाव घेत होतं, प्रेस्टन हॅलॉक. ओल्कॉट बिल्डिंगचा मालक. पाच वर्षांपूर्वी त्याने ती घेतली तेव्हापासून पाडायची परवानगी मागतोय, आणि जुन्या इमारती जपणारं वारसा मंडळ दर वेळी त्याला आडवं येतंय.

हॅलॉक ऑफिसात सँडविच खात होता. त्याने मला बसही म्हटलं नाही.

"या, या. तुम्हालाही वाटतं ना, मीच वर चढून ढकललं?"

"तुम्हाला ती पाडायचीच होती."

"होतीच. अजून आहे. छत गळतंय, लिफ्ट मेलीये, भाडेकरू म्हणजे कबुतरं. पण मिस्टर ब्रॅनिगन, मी घेतल्यापासून त्या भिंतीला एक शिडीसुद्धा लावलेली नाही. दुरुस्तीवर खर्च करायचाच नव्हता मला. हलकट म्हणा, चालेल. पण आळशी हलकट म्हणा."

माणूस उर्मट होता, पण खोटं बोलत नव्हता. त्याच्या काळात वर परांची चढली असती तर मंडळाच्या बायकांनी तासाभरात पेपरात फोटो छापला असता.

तिथून मी वारसा मंडळात गेलो. अध्यक्ष मार्गरिट व्हॅन अल्स्टाइन, वय सत्तरच्या पुढे, ताठ मान, मोत्यांची एक सर. या शहरात जे काही जुनं उभं आहे त्यातलं अर्धं तिच्या जिद्दीमुळे. रेल्वे स्टेशनच्या तांबड्या दगडी कमानी पाडायला यंत्रं आली तेव्हा ही बाई समोर खुर्ची टाकून बसली होती. मला तिच्याबद्दल आदर होता. आम्हा सगळ्यांनाच होता.

"बिचारी ओडेसा," ती म्हणाली. "आणि बिचारं ते डोकं. तुम्हाला हसू येईल, पण मी दोघींसाठी रडले."

"मला नाही हसू येत, मॅडम."

"ज्या कारागिरानं त्या घडवल्या ना, त्यानं प्रत्येकीच्या टाळूवर एक मधमाशी कोरली. नखाएवढी. रस्त्यावरून कुणाला कधीच दिसणार नाही अशा जागी. असं काम आता कोण करतं? सगळे लोकांना दाखवायला करतात." तिने रुमाल डोळ्यांना लावला. "दुदेक वाईट माणूस नाही हो. थकला असेल. मी सुनावणीत त्याच्यासाठी दयेची विनंती करणार आहे."

दया! काझिकला उभं राहायला तेवढाच आधार उरला होता, आणि तो गुन्हा कबूल केल्याशिवाय मिळणार नव्हता.

३

पडलेल्या डोक्याचे तुकडे नगरपालिकेच्या गाड्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होते. तिथला रखवालदार जुना ओळखीचा. मी तीन मोठे तुकडे जुळवून मांडले, टेप लावला, फोटो काढले आणि दुदेकच्या घरी गेलो.

काझिक स्वयंपाकघरात बसला होता. इरेनाने समोर बीटचं सूप ठेवलं होतं, त्यावर साय धरली होती. मला बघून तो म्हणाला, "या, इन्स्पेक्टरसाहेब. बेड्या आणल्यात?"

"फोटो आणलेत. तू तुकडे बघितलेस का?"

"मला कोण दाखवणार? त्यांनी विचारलं, २००९ ला तू होतास ना. मी म्हटलं होतो. संपलं."

तीन महिने. वकील, इंजिनिअर, पेपरवाले, सगळे येऊन गेले, आणि ज्याने ती भिंत हाताने चाचपली होती त्याला कुणी तुकडा दाखवला नव्हता. मी फोटो टेबलावर सरकवले. त्याने चष्मा लावला. पहिल्यांदा नुसता बघत राहिला, मग फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हा टेप काय म्हणतो? रुंदी?"

"पावणेचोवीस इंचांच्या वर. चोवीस धर."

"भिंतीतला खण सव्वीसचा आहे."

"तुला इतक्या वर्षांनी आठवतं?"

"अकरा आठवडे मी त्या बायकांच्या गालाला गाल लावून काम केलंय. इरेनाच्या गालाचं माप विचार, नाही सांगता येणार."

"ऐका!" इरेना म्हणाली, पण तिचे डोळे फोटोवरून हलले नाहीत.

"आणि हे कडेला राखाडी काय चिकटलंय? सिमेंट. मी चुना वापरतो, फक्त चुना. सिमेंट या मातीला घट्ट आवळून धरतं, आत पाणी मुरतं, थंडीत त्याचा बर्फ होतो आणि आतून फोडतो." त्याचा आवाज चढत चालला होता. "दोन इंच कमी, लिओ! भाजताना माती आटते. बारा इंचांची अकरा होते. म्हणून मूळ कारागीर सगळं मोठं घडवतो, भट्टीतून आलं की बरोबर बसतं. पण भाजलेल्या डोक्यावरून कुणी साचा घेतला आणि त्यात नवी माती भरली, तर ती माती परत आटणार. सव्वीसचं चोवीस. हे डोकं मी कधी पाहिलेलंच नाही. हे त्या डोक्याचं पोर आहे."

इरेनाने खुर्ची ओढली आणि फोटो स्वतःकडे घेतला.

मी दुसरा फोटो काढला, वरून घेतलेला. टाळू साफ गुळगुळीत होती. "काझिक, टाळूवर मधमाशी असते ना? नखाएवढी?"

"कसली मधमाशी?"

"प्रत्येकीच्या टाळूवर. अकरा आठवड्यांत दिसली नाही तुला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दारू पिऊन आलोय. "टाळू भिंतीत असते, साहेब. वरून कॉर्निसचा, म्हणजे पुढे आलेल्या कडेचा, धोंडा बसतो. मी फक्त सांधे भरले, एकही डोकं बाहेर काढलं नाही. ज्यानं बाहेर काढलं असेल त्यालाच टाळू दिसणार."

४

माझा विश्वास बसत नव्हता. मी मूळ नकाशांच्या प्रती काढून बघितल्या. पन्नास पानं, प्रत्येक ओंबी मोजलेली. मधमाशी कुठंच नाही. ती कारागिराची स्वतःची लहर होती. म्हणजे कागदावरून ती कुणाला कळणं शक्य नव्हतं, परांचीवर चढून नाही आणि दुर्बिणीतूनही नाही.

पण डोकं काढायचं तर परांची लागते, आणि चौकशीच्या अहवालात २००९ नंतर परांची नाही. इथंच इरेनाचं म्हणणं खरं ठरलं. कागद कुठं लपतात ते मला ठाऊक होतं. चौकशीवाल्यांनी बांधकामाचे परवाने तपासले. पण बांधकाम करायचंच नाही असं सांगून कुणी परांची उभारली, तर परवाना निघतो फक्त फूटपाथ अडवण्याचा. ते कागद नगरभवनाच्या तळघरात असतात, मिरवणुका आणि भाजीबाजाराच्या अर्जांबरोबर. इन्स्पेक्टर सोडून कुणी तिकडे फिरकत नाही.

चार तास धूळ खाल्ल्यावर सापडला. मे २०१४. ओल्कॉट बिल्डिंग, दर्शनी बाजू, परांची सहा आठवडे. कारण: 'ऐतिहासिक नोंदीसाठी मापं व छायाचित्रं'. अर्जदार: वारसा मंडळ. सही: मार्गरिट व्हॅन अल्स्टाइन.

मी कागद उलटला. परांची उतरल्यावर भिंतीला धक्का लागलेला नाही हे तपासून इन्स्पेक्टरने मागे सही करायची असते. सही होती. 'दर्शनी भाग समक्ष पाहिला. सर्व जागच्या जागी.'

खाली नाव होतं, एल. ब्रॅनिगन.

५

मला तो दिवस आठवतसुद्धा नाही. तेच सगळ्यात वाईट आहे. आम्ही सगळे तसंच करायचो. समोरच्या फूटपाथवर उभं राहायचं, एका हातात कॉफी, दुसऱ्यात दुर्बीण. बारा डोकी मोजली, बारा भरली, सही. तपासणीसाठी शिडीगाडी मागवायची तर तीन खात्यांना चिठ्ठ्या लिहाव्या लागत, आणि व्हॅन अल्स्टाइन बाईंच्या कामावर कोण शंका घेणार? नंतर जाऊन पाहिलं तर वर उरलेल्या तीन डोक्यांभोवती इंचभर रुंद सिमेंटचे पट्टे होते, म्हणजे पडलेलं धरून चार डोकी बदललेली. दुर्बिणीतून ते दिसले असणार. मी बघितलं असणार, पण पाहिलं नाही.

तळघरात मी एकटा होतो. कागद एकच होता, त्याची प्रत नाही. खिशात घातला असता तरी दुदेक सुटला असता, माप आणि सिमेंट पुरेसं होतं. असं मी स्वतःला वीस मिनिटं समजावलं. पण ते पुरेसं नव्हतं. अदलाबदल २००९ लाच आणि दुदेकनेच केली असं कुणीही म्हटलं असतं. त्याने नाही केली हे सिद्ध करणारा कागद माझ्या हातात होता, आणि त्याच्या पाठीवर मी होतो.

आधी मी नील टिअर्नीकडे गेलो. कॉलेजात मातीकाम शिकवतो, आणि एवढं मोठं डोकं मावेल अशी भट्टी शहरात त्याच्याकडेच आहे.

त्याने फोटो बघितला आणि हातातला चिकणमातीचा गोळा खाली ठेवला. "मला वाटलं होतं ती म्युझियमसाठी आहेत. शाळेच्या पोरांना हात लावून बघता यावं म्हणून. बाई म्हणाल्या, अस्सल डोकी दुरुस्तीला काढलीत, परत बसवायच्या आत नकला करून दे. मी चेहरे आणि बाजू केल्या, टाळू सपाट ठेवली."

"लहान होतील हे सांगितलंत?"

"सांगितलं ना! म्हणाल्या, नील, तेवढं कोण बघतंय." त्याने हात फडक्याला पुसले. "डिसेंबरात बातमी वाचली तेव्हा शंका आली. पण मी स्वतःला म्हटलं, माझी कशी असतील ती? माझी तर म्युझियमात आहेत. आणि म्युझियमात बघायला गेलो नाही."

"का नाही गेलात?"

"तुम्ही गेला असतात?" तो म्हणाला.

६

सुनावणीला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत ओडेसा ग्रीनलीची मुलगी बसली होती, शेजारच्या खुर्चीवर आईचा कोट. काझिकने लग्नाचा सूट घातला होता, तो त्याला दोन मापं मोठा झाला होता.

व्हॅन अल्स्टाइन बाईंनी दयेची विनंती केली. छान बोलल्या. मग मी उभा राहिलो.

मी माप सांगितलं, सिमेंट सांगितलं, माती कशी आटते ते सांगितलं. हॅलॉकच्या काळात परांची नव्हती हेही सांगितलं. टिअर्नीने उठून आपलं सांगितलं. मग मी परवाना वाचला, पुढची बाजू आणि मागचीही. स्वतःचं नाव दोनदा वाचलं, मागच्या रांगांनाही ऐकू जावं म्हणून.

"मॅडम," मी म्हणालो, "टाळू भिंतीत असते. मधमाशी तुम्ही कुठं पाहिलीत?"

मला वाटलं होतं ती नाकारेल. ती उभी राहिली, मोत्यांवर हात ठेवून.

"माझ्या घरात," ती म्हणाली. "चारही अस्सल डोकी माझ्या काचेच्या हिवाळी बागेत आहेत. रोज सकाळी बघते मी त्यांना. तुम्ही सगळे माझ्याकडे असं काय बघताय? २०१४ साली ती इमारत पाडायचं जवळजवळ ठरलं होतं. कचऱ्याच्या गाडीत गेल्या असत्या त्या. मी त्यांना वाचवलं!"

"त्यांच्या जागी काय बसवलंत?"

"दिसायला तशीच होती ना? नऊ वर्षं तुम्हाला कळलं का कुणाला?"

पुढच्या रांगेतून ओडेसाची मुलगी शांतपणे म्हणाली, "माझ्या आईला कळलं."

दुदेक निर्दोष ठरला. ठरायला सहा मिनिटं लागली. इरेनाने त्याचा हात धरला आणि तोंड वळवून रडली. तो दाराशी आला तेव्हा मी पुढे झालो.

"काझिक, मला माफ कर."

"तेव्हा वर चढून बघायचं म्हटलं असतंत तर शिडी मी धरली असती," तो म्हणाला आणि गेला.

७

आता पुढचं सांगतो. लवकर सांगतो, कारण सांगताना जीभ कडू होते.

उरलेली तीन खोटी डोकी धोकादायक, मग अख्खी दर्शनी बाजूच धोकादायक, असं नगरपालिकेने ठरवलं. हॅलॉकला हवी ती परवानगी मिळाली. उन्हाळ्यात ओल्कॉट बिल्डिंग पाडतील. बाईंचं वय आणि शहरावरचे उपकार बघून सरकारी वकिलांनी तडजोड केली. दोन वर्षं देखरेख, तुरुंग नाही. अस्सल चार डोकी म्युझियमला जाणार आहेत, आणि त्या दालनाला व्हॅन अल्स्टाइन घराण्याचं नाव द्यायचं घाटतंय. दुदेक निर्दोष असल्याची बातमी अकराव्या पानावर आली, टायरच्या जाहिरातीखाली. मी सही कशी केली ती मात्र पहिल्या पानावर आली, माझ्या फोटोसकट, आणि मथळा होता: 'चूक कबूल करायचं धैर्य'.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. इरेना काझिकला ओढून घेऊन आली. तीन महिन्यांनी तो चारचौघांत बसत होता. हॉलमध्ये दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून मी त्यांच्या समोर बसलो. त्याने नको म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही. त्याने मासा मोडला, एक घास खाल्ला. इरेना घास मोजत होती.

मग स्टॅन गोर्स्की आला. चर्चचा जुना कारभारी, मनाने वाईट नाही. येता येता त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"वा, लिओ! भर सभेत उभं राहून स्वतःचं नाव घ्यायचं म्हणजे छाती लागते. आमची पोरं तुझंच नाव काढत होती." मग तो दुदेककडे वळला, आवाज खाली आणला, जसा आजारी माणसाजवळ आणतात. "काझिक, ऐकलं बाबा. सुटलास म्हणे. चला, बरं झालं, देवाची कृपा."

काझिकने काटा खाली ठेवला.

"सुटलो नाही, स्टॅन. मी केलंच नव्हतं."

"हो रे, हो, तेच म्हणतोय मी," स्टॅन म्हणाला. "आता कशाला ते उगाळायचं? खा, खा." आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला.

मागून अजून दोघं आले. त्यांनीही माझा हात हातात घेऊन दाबला. मी तो सोडवून घेतला नाही. समोरच्या ताटातला मासा गार होत होता, आणि इरेना नवऱ्याचा कोट शोधायला उठली होती.